कुपीतले पाणी

महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची एक कथा आहे. कोळी तळ्याचे पाणी उपसू लागतात. पहिला मासा धोका ओळखून वेळीच निघून जातो, दुसरा जाळ्यात सापडल्यावर युक्तीने सुटतो आणि तिसरा मरतो. पंचतंत्रात हीच कथा येते तेव्हा तिसऱ्या माशाचे नाव यद्भविष्य असे आहे. शांतिपर्वात त्याला दीर्घसूत्र म्हटले आहे. वरवर पाहता हा नावापुरताच फरक. पण दोन्ही नावांमागचे स्वभाव एक नव्हेत. यद्भविष्याजवळ निदान एक तत्त्वज्ञान आहे : जे व्हायचे ते होईल. दीर्घसूत्राजवळ तेही नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की घाई काय आहे? गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगताना दीर्घसूत्री हा शब्द शेवटी येतो, जणू मोजता मोजता सर्वांत घरगुती दोष आठवावा तसा.

या कथेत एक सोय आहे. आळस करणारा मासा स्वतःच मरतो. त्याच्या चालढकलीचे देणे दुसऱ्या माशाच्या नावावर पडत नाही. माणसांच्या संसारात हिशेब इतका स्वच्छ राहतो का, असा प्रश्न ज्याला पडला त्या एका गृहस्थाची ही हकीकत आहे. ती जबलपूरची आहे आणि २०१८ सालच्या डिसेंबरातल्या एका आठवड्याची आहे.

जबलपूरचे मराठीपण जुने आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी तो ताब्यात घेतला. राज्य गेले तरी घरे राहिली, आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने त्यांत भर पडत गेली. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले आणि नागपूरच्या न्यायालयातली कित्येक कारकून मंडळी आपली बिऱ्हाडे उचलून नर्मदेकाठी आली. या गृहस्थाचे वडील त्यांपैकी एक. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. घरात मराठी, अंगणात बुंदेली वळणाची हिंदी आणि कचेरीत इंग्रजी, अशा तीन भाषांच्या संसारात तीन मुले वाढली. थोरली मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, धाकटा मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला. मधला एका दूरच्या विद्यापीठात शिकवू लागला. पण सुट्ट्यांना घरी येई आणि घराची सारी कामे त्याच्याच नावावर असत. ती कामे तो करी. मात्र लगेच करीत नसे.

वडील १९८८ मध्ये सेवानिवृत्त झाले आणि त्याच वर्षी कार्तिकातल्या एकादशीनंतर ग्वारीघाटावरून नर्मदेच्या परिक्रमेला निघाले. घरात कोणालाच ते खरे वाटले नव्हते. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत हा माणूस सायकलवरून कचेरीत जात होता, रविवारी भाजी आणीत होता आणि गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ पुन्हा पुन्हा वाचत होता. त्या वाचनातून असे काही निपजेल अशी शंका पत्नीलाही आली नव्हती.

परिक्रमेचे नियम साधे आणि कठोर आहेत. नदी नेहमी उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही. म्हणून ग्वारीघाटाहून निघणारा उत्तर तीराने उगमाकडे जातो, अमरकंटकला उगमाला वळसा घालतो आणि दक्षिण तीराने समुद्रापर्यंत उतरतो. तेथे विमलेश्वराहून नावेत बसून खाडी पार करतो आणि उत्तर तीरावरच्या मिठी तलाईला लागतो. साऱ्या यात्रेत नावेत बसण्याची परवानगी आहे ती एवढीच. कारण तेथे नदी संपलेली असते. तेथून पुन्हा उत्तर तीराने निघालेल्या ठिकाणी परत. दोन्ही तीर मिळून ही वाट सुमारे २,६०० किलोमीटरांची भरते. शास्त्रोक्त परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. वडिलांनी ती सात महिन्यांत केली. १९८९ च्या ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, ते परत आले तेव्हा दाढी छातीपर्यंत आली होती आणि पायांना ओळखू न येण्याजोगा रंग चढला होता.

या नियमांतला एक नियम विचार करायला लावणारा आहे. ओंकारेश्वराचे ज्योतिर्लिंग मांधाता नावाच्या बेटावर आहे. बेट नदीच्या पात्रात. तेव्हा तेथे जाणे म्हणजे नदी ओलांडणे. म्हणून परिक्रमावासी या क्षेत्रावरून दोनदा जातो, एकदा दक्षिण तीराने व एकदा उत्तर तीराने, आणि दोन्ही वेळा बेटाला दुरून हात जोडून पुढे चालू लागतो. मग परिक्रमा पूर्ण झाल्यावर, नियमांतून मोकळे झाल्यावर, त्याने पुन्हा ओंकारेश्वरी जायचे. वाटेत सतत जवळ बाळगलेल्या कुपीतले नर्मदाजल तेथे वाहायचे. पाय घरी पोहोचले तरी हे पाणी पोहोचेपर्यंत परिक्रमा पुरी झाली असे मानीत नाहीत.

वडिलांची कुपी काचेची होती. औषधाच्या बाटलीएवढी, घट्ट बुचाची, गळ्याशी लाल दोरा बांधलेली. वाटेत ठिकठिकाणी तिच्यातले थोडे पाणी नदीत सोडून थोडे नवे घ्यायचे अशी रीत असल्यामुळे त्या दोन-तीन घोटांत साऱ्या नर्मदेचा अंश आहे, असे ते सांगत. परत आल्यावर त्यांनी ती देवघरात ठेवली आणि पाऊस संपला की मांधात्याला जाऊन येतो म्हणाले.

पाऊस संपला. मुलीचे लग्न ठरले. पुढच्या वर्षी धाकट्याची परीक्षा आली. त्यानंतर गुडघे धरले. एका वर्षी तिकिटे काढली होती, तेव्हा नागपूरला जवळच्या नात्यात कोणी वारले. कारणे सगळी खरी होती. खऱ्या कारणांचा एक धोका असतो : खोट्या कारणाची माणसाला लाज वाटते, खऱ्याची वाटत नाही, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा वापरता येते. सात वर्षे अशी गेली. १९९६ मध्ये वडील वारले आणि कुपी देवघरातच राहिली.

दिवसकार्ये झाल्यावर आई म्हणाली, “एवढं पाणी नेऊन दे रे ओंकारेश्वरला.” मधल्या मुलाने हो म्हटले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, प्रबंध लिहीत होता. प्रबंध पुरा झाला की जाऊ असे त्याने ठरवले. प्रबंध पुरा झाला. नोकरी लागली, लग्न झाले, बदल्या झाल्या. दर दिवाळीला तो घरी येई, देवघरात कुपी दिसे आणि आपल्याला काहीतरी करावयाचे आहे याची त्याला आठवण होई. आठवण होणे हेच जणू अर्धे काम, असे समाधान मानून तो परत जाई. पुढे पुढे त्याने जबलपूरच्याच एका थोर माणसाचा आधार शोधला. अमृतलाल वेगड हे चित्रकलेचे अध्यापक, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले, मातृभाषेने गुजराती आणि लेखणीने हिंदी व गुजराती दोन्हींचे. त्यांनी नर्मदेची पदयात्रा टप्प्याटप्प्याने केली, आणि पहिल्या टप्प्यावर, जबलपूरहून मंडल्याला, ते निघाले १९७७ मध्ये. तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते. या नदीवर लिहिलेल्या त्यांच्या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जो माणूस पन्नाशीला आल्यावर निघाला त्याने नदीचे इतके केले, मग आपल्याला तर केवळ रेल्वेने जाऊन यायचे आहे, असा युक्तिवाद हा गृहस्थ मनाशी करीत असे. इतरांच्या उशिरातून आपल्या उशिराला प्रमाण काढणे ही विद्वानांची जुनी खोड आहे. २०१८ च्या जुलैत वेगड गेले. त्या वर्षी हा गृहस्थ एकोणपन्नास वर्षांचा झाला होता. युक्तिवादाची मुदत संपली होती, हे त्याच्या लक्षात आले. पण तो निघाला मात्र नाही.

निघावे लागले ते वेगळ्याच कारणाने. आई एक्याऐंशी वर्षांची होत होती. तिचे सहस्रचंद्रदर्शन मार्गशीर्षी पौर्णिमेला, शनिवारी २२ डिसेंबरला करावे असे ठरले. पुण्याहून मुलगी आणि जावई येणार होते, अमेरिकेहून धाकटा मुलगा कुटुंबासह येणार होता. नातवंडांना धार्मिक विधीपलीकडे काही गंमत हवी म्हणून रविवारी सगळ्यांनी बरगीच्या जलाशयावर जावे आणि तेथील क्रूझवर दुपार काढावी असा बेत धाकट्याने दुरूनच आखला. मधल्या मुलाने आठ दिवस आधी, म्हणजे त्याच्या मानाने फारच लौकर, घरी येऊन आईला हा बेत सांगितला. आईने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतले.

“तुम्ही या जाऊन,” ती म्हणाली. “मी काठावर बसेन.”

“काठावर का? मोठी बोट आहे, आई. हलत नाही. छप्पर आहे, खुर्च्या आहेत.”

“मला भीती नाही वाटत पाण्याची.”

“मग?”

तिने सूप खाली ठेवले. “त्यांचं पाणी घरात आहे तोवर मी नर्मदेवर नावेत बसायची नाही. एकोणतीस वर्षं बसले नाही. आता काय बसते!”

घरात सर्वांची समजूत होती की आई पाण्याला भिते. ग्वारीघाटावर ती सणावारी जाई, दिवे सोडी. पण समोरच्या तीरावरच्या गुरुद्वाराकडे जायला सगळे नावेत चढत तेव्हा ती पायऱ्यांवर चपला राखीत बसे. पाहुण्यांना घेऊन भेडाघाटला गेले की संगमरवरी खडकांमधून जाणाऱ्या नावेत ती बसत नसे. वर चौसष्ट योगिनींच्या देवळात जाऊन बसे. या घरात एक जुने छायाचित्र आहे. त्यात भेडाघाटच्या नावेत नऊवारीतली एक वीस वर्षांची मुलगी हसत बसली आहे आणि तिच्या बाजूला सडपातळ कारकून ताठ बसला आहे. ते छायाचित्र सर्वांनी शेकडो वेळा पाहिले होते. ही मुलगी पाण्याला कधीपासून भिऊ लागली, हे कोणी विचारले नव्हते.

तिने पाळलेला हा नियम कोणत्याही शास्त्रात नाही. परिक्रमावासीच्या पत्नीने घरी बसून नदी न ओलांडण्याचे व्रत घ्यावे असे कोणी सांगितलेले नाही. पण नवऱ्याची परिक्रमा अपुरी आहे आणि आपण त्याच्या अर्ध्या वाटेकरी आहोत, एवढ्या दोन गोष्टी तिच्या मनाशी पक्क्या होत्या, आणि त्यांतून तिने आपला नियम स्वतःच काढला होता. गावाला जाताना आगगाडी पुलावरून जाई तेव्हा तिचा इलाज नव्हता; नावेत बसणे तिच्या हातात होते, तेवढे तिने सोडले होते. तिने ते कोणाला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर तो तगादा झाला असता.

मंगळवारी रात्री तो निघाला. आरक्षण मिळण्याची वेळ टळून गेली होती; मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या साध्या डब्यात, दाराजवळ, पिशवीवर बसून त्याने इटारसी गाठली आणि तेथून पुढे टेकायला जागा मिळाली. जबलपूर ते खांडवा सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. त्याच्याजवळ दीड हजार रुपये होते आणि तेवढ्यातच सारे भागवायचे असे त्याने ठरवले होते. वडील सदावर्ताच्या शिध्यावर सात महिने चालले, तेव्हा त्यांचे पाणी वातानुकूलित डब्यातून नेणे बरे नव्हे, असे त्याने बायकोला दूरध्वनीवर सांगितले. हे अर्धे खरे होते. उरलेले अर्धे असे की वेळेवर न उठणाऱ्याला काटकसर आपोआप घडते. उरेल त्या जागेवर बसावे लागते आणि मग त्या जागेला तो साधेपणा म्हणू लागतो. कुपी त्याने मफलरीत गुंडाळून छातीशी धरली होती. देवघरातून उचलताना त्याने ती प्रथमच उजेडात धरून पाहिली तेव्हा पाणी अर्ध्याच्या खाली गेले होते. बूच घट्ट होते. तरीही एकोणतीस वर्षांत ते कुठून तरी उडून गेले होते.

खांडव्याहून बसने तो बुधवारी दुपारी ओंकारेश्वरला पोहोचला. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात त्याला थोड्या पैशांत खोली मिळाली. तेथे सगळीकडे मराठी ऐकू येत होते. विदर्भातून, खानदेशातून आलेली माणसे बादल्या भरीत होती, मुलांना हाका मारीत होती. समोर नदी, नदीत बेट, बेटावर पायऱ्या पायऱ्यांनी चढलेली पांढरी वस्ती आणि देवळाचे शिखर. बेटावर जायला दोन पूल आहेत, नावा आहेत. दहा मिनिटांचे काम होते.

त्याने ते त्या दिवशी केले नाही. प्रवासाने अंग मळले होते. शुचिर्भूत होऊन सकाळी जावे हे योग्य. संध्याकाळी तो दक्षिण तीरावरच्या ममलेश्वराच्या देवळात गेला आणि तेथील जुन्या दगडी खांबांकडे बराच वेळ पाहत बसला. गुरुवारी सकाळी घाटावर गर्दी होती. गर्दीत घाईने वाहण्यापेक्षा दुपारी निवांत जावे असे त्याला वाटले. दुपारी देवळाच्या दाराशी मोठी रांग असल्याचे कोणी सांगितले. संध्याकाळी तो पुलाच्या मध्यापर्यंत गेला. खाली नदी हिरवी आणि संथ होती. वरच्या अंगाला २००७ मध्ये पुरे झालेले ओंकारेश्वरचे धरण दिसत होते. पुलाच्या मध्यावर उभे राहून त्याने स्वतःला सरळ प्रश्न विचारला, की आता कोणते कारण उरले आहे? एकही उरले नव्हते. तरी तो परत फिरला.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. इतकी वर्षे तो स्वतःला आळशी समजत आला होता, आणि आळस हा त्यातल्या त्यात सोसण्यासारखा दोष आहे. त्यात वाईट हेतू नसतो. पण आज आळसाला जागाच नव्हती. पुलाच्या टोकाशी पोहोचून परतणे याला आळस म्हणता येत नाही. मग त्याला वडील आठवले. परत आल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ते रोज रात्री जेवणानंतर परिक्रमेतले काहीतरी सांगत. शूलपाणीच्या झाडीत भिल्लांनी सारे काढून घेतल्यावर धोतराच्या तुकड्यावर काढलेले दिवस. विमलेश्वराच्या नावेत रात्रीच्या भरतीत लागलेली समुद्राची पहिली चाहूल. आणि अगदी आरंभीची, ग्वारीघाट ते मंडला या वाटेवरची गावे. त्या गावांची नावे त्यांनी एका वहीत लिहिली होती आणि प्रत्येकासमोर तेथे काय खाल्ले तेही : कोदोचा भात, मक्याची भाकरी, एकदा नुसता गूळ. कुपी पोहोचवली असती तर परिक्रमा संपली असती. ती संपली असती तर ते पुन्हा सेवानिवृत्त कारकून झाले असते. देवघरात कुपी होती तोवर ते वाटेवर होते.

मुलालाही तेच करावयाचे होते काय? कुपी होती तोवर वडिलांचे एक काम शिल्लक होते. आणि ज्याचे काम शिल्लक आहे तो माणूस पुरता गेलेला नसतो. ही जाणीव झाल्यावर त्याला क्षणभर बरे वाटले. आपल्या दोषाच्या तळाशी प्रेम सापडले की कोणालाही बरे वाटते. पण लगेच त्याला छायाचित्रातली नावेत हसणारी मुलगी आठवली. वडिलांनी आपली वाट लांबवली आणि त्याने वडिलांना लांबवले. या दोन्ही लांबणींचा खर्च पायऱ्यांवर चपला राखीत बसलेल्या बाईने भरला होता. शांतिपर्वातल्या कथेला जे सांगता आले नाही ते हे होते. दीर्घसूत्र मासा बहुधा सुखरूप असतो. जाळ्यात दुसरेच कोणी असते.

शुक्रवारी पहाटे आंघोळ करून तो घाटावर आला. पूल सोडून तो मुद्दाम नावेकडे गेला. नावाड्याने मफलरीतली कुपी पाहिली, त्याला काय ते कळले आणि त्याने नेहमीचा नमस्कार केला, “नर्मदे हर!”

“बाबूजी, परकम्मा पूरी कर ली?”

“पिताजी ने की थी.”

“कब?”

त्याने साल सांगितले. नावाड्याने आश्चर्य दाखवले नाही. अर्ध्या पात्रात आल्यावर त्याने वल्हे थांबवले आणि म्हणाला, “इसमें थोड़ा मैया का जल मिला लो. कम हो गया है.” कमी झालेल्या पाण्यात नदीचे पाणी घालणे ही फसवणूक तर नव्हे, अशी शंका त्याला चाटून गेली, मग वडिलांनीच सांगितलेली रीत आठवली. त्याने वाकून कुपी नदीत बुडवली. काठोकाठ भरल्यावर कोणते पाणी १९८९ चे आणि कोणते आताचे, हे सांगण्याची सोय उरली नाही.

देवळात रांग होती, पण फार मोठी नव्हती. त्याची पाळी आली तेव्हा मागून धक्का बसत होता. पुढचा माणूस सरकला, त्याने पाणी वाहिले, पुजाऱ्याने हाताने पुढे व्हा अशी खूण केली, आणि तो बाहेर आला. एकोणतीस वर्षांच्या कामाला घोटभर श्वासाइतका वेळ लागला होता. त्याला वाटले होते की काहीतरी मोठे वाटेल. तसे काही वाटले नाही. उलट, हे इतके लहान होते, याची त्याला विलक्षण लाज वाटली.

मग त्याने बेटाची परिक्रमा केली. ती सुमारे सात किलोमीटरांची. नर्मदेला कावेरी नावाचा प्रवाह मिळतो तो संगम, वर चढल्यावर गौरी सोमनाथाचे उंच देऊळ, पुढे सिद्धनाथाच्या भग्न देवळाच्या जोत्यावर कोरलेले झुंजणारे हत्ती. माकडे, बोरे विकणाऱ्या बायका, भिंतींवर कोरलेले गीतेचे श्लोक. डोंगराच्या माथ्यावर २०२३ मध्ये शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा उभा राहिला. तेव्हा तेथे नुसता वारा होता. माथ्यावरून दोन्ही तीर दिसतात. दक्षिण तीराच्या वाटेने दोन परिक्रमावासी चालले होते, पांढऱ्या कपड्यांतले, पाठीवर बोचके घेतलेले. ते थांबले, बेटाकडे तोंड करून त्यांनी हात जोडले आणि पुढे निघाले. १९८८-८९ च्या हिवाळ्यात तेथेच वडील उभे राहिले असतील. तो बेटावर होता, वडील तीरावर. उलट दिशेने का होईना, एवढ्या जवळ ते दोघे पूर्वी कधी आले नव्हते.

शनिवारी सकाळी तो घरी पोहोचला तेव्हा अंगणात मांडव पडला होता आणि धाकट्याची मुले अमेरिकी मराठीत आजीशी बोलत होती. त्याने रिकामी कुपी आईसमोर ठेवली. तिने ती हातात घेतली, बूच काढून आत पाहिले आणि बूच पुन्हा लावले.

“झालं?”

“झालं.”

“उशीर केलास.” एवढेच ती बोलली. या शब्दात राग नव्हता. त्यामुळे त्याला टाळता आला नाही.

“बाबांनी तरी का नाही नेलं, आई?”

“त्यांना संपवायचं नव्हतं,” ती म्हणाली. “मला कळत होतं ते. माझं कोणाला कळलं नाही, एवढंच.”

रविवारी सारे बरगीला गेले. जबलपूरहून ते ठिकाण पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर आहे. १९७४ मध्ये सुरू झालेले धरणाचे काम १९९० मध्ये पुरे झाले. पाच किलोमीटरांहून लांब आणि ६९ मीटर उंच बांध, त्याला राणी अवंतीबाईंचे नाव, आणि त्यामागे जबलपूर, मंडला व सिवनी या तीन जिल्ह्यांत पसरलेले पाणी. त्या पाण्याने १६२ गावे बाधित झाली. वडील ज्या हिवाळ्यात मंडल्याकडे चालत गेले त्यानंतर एकच हिवाळा त्या गावांना मिळाला. ज्यांनी त्यांना कोदोचा भात वाढला ती माणसे तेव्हाच घराची कौले उतरवण्याच्या विचारात असतील. वहीत त्याविषयी एक शब्द नाही. परिक्रमावासींची वाट आता पाण्याला दूरचा वळसा घालून जाते.

आई सुनेचा हात धरून क्रूझवर चढली. नातवंडे वरच्या मजल्यावर धावली, संगीत लागले, कोणी बटाटेवड्यांचा डबा उघडला. बेटांसारखे दिसणारे डोंगरमाथे हळूहळू मागे सरकू लागले. आईने पिशवीतून वडिलांची वही काढली. ती तिने आणली आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. चष्मा लावून ती एकेक नाव वाचू लागली, मोठ्याने नव्हे, पण ऐकू येईल असे. तीन-चार नावे झाल्यावर तिने वर पाहिले आणि मधल्या मुलाला विचारले, “आत्ता आपण कोणत्या गावावर आहोत रे?”

त्याला ते सांगता आले नाही. नावाड्यांना विचारता आले असते, जुने नकाशे पाहता आले असते, वडील असताना तर नुसते समोर बसून ऐकले असते तरी झाले असते. त्यांनी रात्री रात्री सांगितले होते आणि तो, प्रबंध झाला की नीट लिहून घेऊ, असे म्हणत आला होता. कुपीतले पाणी उशिरा का होईना पोहोचवता आले. पण हे पोहोचवण्याजोगे उरले नव्हते. काही कामे थांबतात, काही थांबत नाहीत, आणि करणाऱ्याला ती आधी सारखीच दिसतात.

आईने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने वही मिटली, कठड्याजवळ जाऊन पाण्याकडे पाहिले आणि हात जोडले. कोणाला, ते तिने सांगितले नाही. परत येऊन बसल्यावर ती म्हणाली, “मला एकदा मांधात्याला ने. मी काही पाहिलं नाही ते.”

“नेईन. परीक्षा संपल्या की मार्चमध्ये—” तो बोलला आणि थांबला. धाकटा हसला, बहीण हसली. आई हसली नाही. ती त्याच्याकडे नुसती पाहत राहिली.

“परवा,” तो म्हणाला. “मंगळवारी रात्रीच्या गाडीनं.”

“आरक्षण?” बहिणीने विचारले.

“मिळेल ते,” आई म्हणाली, आणि वाऱ्याने उडू लागलेला पदर तिने खोचून घेतला.